धाकटा जन्मतःच ब्रिटिश, थोरली फी भरून

आमची दोन्ही पोरं इंग्लंडमध्ये रेडिंगच्या एकाच हॉस्पिटलात झाली, आई तीच, बाप तोच, पण थोरली जन्मली तेव्हा भारतीय आणि धाकटा जन्मला तोच ब्रिटिश. त्याच्यासाठी आम्ही ना कुठला अर्ज केला ना कुणी आम्हाला काही विचारलं. नागपूरच्या मावशीपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळे मला हेच विचारतात की असं कसं, तिथं जन्मलं की नागरिकत्व मिळतंच ना? तर नाही मिळत, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

आधी मिळायचं. आमच्या मराठी मंडळात एक डॉक्टर काका आहेत, सत्तरच्या दशकात एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरीला आलेले, त्यांची दोन्ही मुलं इथं जन्मली आणि विषय संपला, आईबापाचा व्हिसा कुठला हे कुणी बघितलंच नाही. पण पुढे १९८१ चा ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्ट आला, तो १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला आणि तेव्हापासून नियम असा की मूल युकेत जन्मलं आणि जन्माच्या वेळी आई किंवा बाप यांच्यापैकी एकजण ब्रिटिश असेल नाहीतर सेटल्ड असेल तरच ते मूल आपोआप ब्रिटिश. आपल्यासारख्या व्हिसावाल्यांसाठी सेटल्ड म्हणजे आयएलआर, इथं राहायला मुदत नसलेली परवानगी. वर्क व्हिसा चालत नाही, डिपेंडंट, म्हणजे नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या व्हिसावर मिळालेला, तर नाहीच नाही. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आम्हाला तर या भानगडी ठाऊकच नव्हत्या. आणि इंग्रजांना नावं ठेवण्याआधी हेही बघा की भारतानं पण तेच केलंय, १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला भारतीय, नंतर आईबापापैकी एकजण भारतीय असायला लागला आणि ३ डिसेंबर २००४ पासून अजून कडक झालं.

आता आमचं. नवरा २०१९ च्या एप्रिलमध्ये वर्क व्हिसावर आला, मी नोकरीची नोटीस वगैरे संपवून सप्टेंबरात. थोरली २०२० च्या मे महिन्यात झाली, म्हणजे ऐन लॉकडाऊनमध्ये, तेव्हा जन्मनोंदणीची ऑफिसंसुद्धा बंद होती. मग तिची नोंदणी, मग भारतीय हाय कमिशनकडे जन्माची नोंद (परदेशात जन्मलेल्या मुलाची एका वर्षाच्या आत तिथं नोंद करावी लागते, नाहीतर पुढं परवानगी मागत बसा), मग भारतीय पासपोर्ट, मग तिचा डिपेंडंट व्हिसा, आणि त्यावर हेल्थ सरचार्ज, लहान मुलांना तेव्हा वर्षाला ४७० पौंड. जे बाळ एनएचएसच्याच खाटेवर जन्मलं त्याच्याकडून एनएचएस वापरायचे पैसे, असो.

दुसऱ्या वेळेला मला दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी तारीख दिली मार्च २०२४ ची शेवटची. आणि आयएलआरसाठी लागणारी नवऱ्याची पाच वर्षं पूर्ण होत होती एप्रिलच्या सुरुवातीला! आमच्याकडं सातव्या महिन्यात ओटी भरायचा कार्यक्रम आणि हा बाबा कोपऱ्यात लॅपटॉप उघडून तारखा मोजत बसलेला. कारण असं की आयएलआरची तारीख बाळाच्या आधीची असली तर बाळ आपोआप ब्रिटिश, एका दिवसानं जरी मागं पडली तरी नाही. अर्ज नुसता टाकून ठेवला असेल तरी चालत नाही हं, हातात निर्णय पाहिजे. आमच्या ओळखीत एक जोडपं आहे, त्यांचा अर्ज गेलेला, बायोमेट्रिक झालेलं, पण निकाल आला बाळ घरी आल्यानंतर, मग त्यांना बाळासाठी वेगळा रजिस्ट्रेशनचा, म्हणजे ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदवून घ्यायचा, अर्ज करायला लागला आणि त्याची फी तेव्हा १,२१४ पौंड.

पाच वर्षं पूर्ण व्हायच्या २८ दिवस आधी आयएलआरचा अर्ज करता येतो, म्हणजे आम्हाला मार्चच्या पहिल्या आठवड्यात खिडकी उघडणार होती. आयएलआरसाठी लागणारी लाइफ इन द युके ची परीक्षा नवऱ्यानं दिवाळीतच देऊन टाकलेली (२४ प्रश्न, १८ बरोबर यायला पाहिजेत, हेन्री आठव्याच्या सहा बायकांची नावं घरात सगळ्यांना पाठ झाली, थोरलीला पण). ऑफिसकडून पत्र, पगाराच्या स्लिपा, पाच वर्षांत देशाबाहेर किती दिवस होता त्याचा तक्ता, कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांच्या वर गेला नाही ना ते, सगळं फाईलला लावून तयार. साधा अर्ज केला तर सहा महिनेसुद्धा लागू शकतात. म्हणून सुपर प्रायॉरिटी, म्हणजे जादा पैसे भरून झटपट निकाल, घ्यायची का यावर आमची चर्चा झाली. आयएलआरची फी तेव्हा २,८८५ पौंड, त्यावर सुपर प्रायॉरिटीचे १,००० पौंड वेगळे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं एवढ्या पैशात इकडं बाळाचं बारसं, मुंज दोन्ही होतील." खरंच आहे ते. पण मी हिशोब मांडला, आत्ता हजार वाचवले तर पुढं रजिस्ट्रेशनचे १,२१४ जाणारच आहेत, मधल्या काळात बाळाला भारतात न्यायचं तर भारतीय पासपोर्ट आणि परत यायला व्हिसा हे सगळं आलंच, आणि थोरलीच्या वेळचं सगळं आठवून माझ्या अंगावर काटा आला. म्हणलं भर हजार.

ते पंधरा दिवस मी काय काढलेत ते माझं मला ठाऊक. पोटात जरा कळ आली की मी दचकायची, आणि नवरा "अजून नाही, अजून नाही" असं बाळालाच सांगायचा. अर्ज गेला, बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट लंडनला मिळाली, दुसऱ्या दिवशी दुपारी ईमेल आला. आयएलआर मंजूर. मी अजून डिपेंडंट व्हिसावरच होते कारण माझी पाच वर्षं सप्टेंबरात होणार होती, पण कायद्याला आईबापापैकी एकजण पुरतो, आणि बाप पुरतो का यावर पण मला लोकांनी घाबरवलेलं, तर लग्न झालेलं असेल तर काहीच प्रश्न नाही, आणि १ जुलै २००६ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी लग्न नसलेला बाप पण धरतात, जन्मदाखल्यावर नाव वगैरे असलं म्हणजे.

धाकटा त्यानंतर दोन आठवड्यांनी आला, आरामात, तारीख उलटून.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. आमच्या मंडळातली एक मुलगी, तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांना आयएलआर मिळालेला, आणि ती बाळंतपणाला कोल्हापूरला गेली कारण इथं करणार कोण. आई, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं यथास्थित झालं. पण बाळ युकेत जन्मलं नाही आणि आईबाप ब्रिटिश नव्हते, नुसते सेटल्ड होते, त्यामुळं बाळ ब्रिटिश नाही, त्याला इकडं आणायला रीतसर व्हिसा काढावा लागला. आईबापापैकी एकानं जर आधीच नागरिकत्व घेतलेलं असतं तर कोल्हापुरात जन्मलेलं बाळ पण आपोआप ब्रिटिश झालं असतं, पण ते वंशानं ब्रिटिश, म्हणजे त्याची पुढची पिढी परत बाहेर कुठं जन्मली तर तिला ते आपोआप मिळत नाही. इथं जन्मलेल्या आमच्या धाकट्याला ती अडचण नाही, त्याची पोरं उद्या बार्शीत जन्मली तरी ब्रिटिश. एवढ्या लांबचा विचार मी बाळंतिणीच्या खोलीत कशाला करत होते देव जाणे पण झोप येत नव्हती आणि फोन हातात होता.

तर बाळ झालं. आता गंमत अशी की कायद्यानं तो ब्रिटिश झाला पण हे कुठंच लिहिलेलं नाही. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांच्या आत जन्म नोंदवायचा असतो, तो नवऱ्यानं एकट्यानं जाऊन नोंदवला, लग्न झालेलं असेल तर दोघांपैकी एक गेला तरी चालतं. रजिस्ट्रार बाईंनी आमची जन्मगावं विचारली, व्यवसाय विचारला, सातारा चं स्पेलिंग दोनदा विचारलं, पण व्हिसाचं अक्षर नाही. दाखल्यावर नागरिकत्वाचा रकानाच नसतो. साडेबारा पौंडाला एक याप्रमाणं दाखल्याच्या दोन प्रती घेतल्या आणि हे घरी आले. थोरलीचा दाखला आणि धाकट्याचा दाखला शेजारी ठेवले तर तारीख आणि नाव सोडून तेच. हेल्थ व्हिजिटर (बाळ बघायला घरी येणारी नर्स) येते, वजन करते, बाळाच्या नोंदींच्या लाल पुस्तकात लिहिते, जीपीकडं, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडं, नाव लागतं, यातलं कुणीच सांगत नाही की अभिनंदन, तुमचा मुलगा ब्रिटिश आहे. सर्टिफिकेट येत नाही, पत्र येत नाही. भारतात साधा रहिवासी दाखला काढायचा तरी तलाठी, सेतू, शिक्का, सगळं लागतं, त्या सवयीच्या माणसाला हे फार विचित्र वाटतं, की काहीच केलं नाही म्हणजे काहीतरी राहिलंच असणार.

आणि या भीतीवर लोकांची दुकानं चालतात. एका सल्लागारानं (नाव घेत नाही) आम्हाला फोनवर छातीठोक सांगितलं की धाकट्याचा पण रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरून टाका, थोरलीबरोबरच करू, दोघांचे मिळून थोडं कमी घेतो. अहो पण जो आधीच ब्रिटिश आहे त्याला ब्रिटिश म्हणून रजिस्टर करणार कसं? रजिस्ट्रेशन हे थोरलीसारख्या मुलांसाठी असतं, जी इथं जन्मली पण जन्मताना आईबाप सेटल्ड नव्हते आणि नंतर झाले. धाकट्यासाठी करायचं काय असेल तर सरळ पासपोर्ट, तेवढाच. आणि पासपोर्टनं नागरिकत्व मिळत नाही हे पण ध्यानात घ्या, तो नुसता पुरावा, नाही काढला तरी पोरगा ब्रिटिशच.

पासपोर्टची फी तेव्हा ५७ पौंड ५० पेन्स, ऑनलाईन. १,२१४ च्या शेजारी हा आकडा लिहून बघा म्हणजे मी त्या मार्च महिन्यात एवढी का धास्तावले होते ते कळेल. फोटो काढणं हाच काय तो मोठा कार्यक्रम. पांढऱ्या चादरीवर बाळ झोपवायचं, सावली पडू द्यायची नाही, डोकं धरलेलं चालतं पण हात दिसता कामा नये. वर्षाच्या आतल्या बाळाचे डोळे उघडे नसले तरी चालतात हे आम्हाला नंतर कळलं, तोपर्यंत नवरा खुळखुळा वाजवून वाजवून दमला होता. मग अर्जावर साक्षीसारखी ओळख द्यायला एक ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्टवाली, बऱ्या व्यवसायातली, नात्यात नसलेली आणि आम्हाला किमान दोन वर्षं ओळखणारी व्यक्ती लागते, मंडळातल्या एक फार्मासिस्ट ताई आहेत त्यांनी ते केलं, गणपतीत मोदकाला त्याच असतात आमच्याबरोबर. पोस्टानं पाठवलं काय काय तर पूर्ण जन्मदाखला, नवऱ्याचा पासपोर्ट, त्याचा आयएलआरचा पुरावा, आणि आमचा लग्नाचा दाखला पण घातला वरून, मागू नये म्हणून. सगळा खेळ पुन्हा त्या दोन तारखांचा, बापाची आयएलआरची तारीख आणि बाळाची जन्मतारीख. त्या नीट दिसल्या की त्यांना बाकी काही नको असतं. बाळासाठी मुलाखत नाही, काही नाही. पासपोर्ट आला पाच वर्षांचा, आत ब्रिटिश सिटिझन असं छापलेलं, आणि फोटोत आमचं ध्यान एक डोळा उघडा एक मिटलेला.

थोरलीचं मग मागोमाग केलं. इथं एक चांगली युक्ती आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. लोक काय करतात, आईबापाबरोबर मुलांचा पण आयएलआर काढतात, म्हणजे तेव्हाच्या फीनं अजून २,८८५ पौंड, आणि मग वर्षानं नागरिकत्व. पण मूल युकेत जन्मलेलं असेल तर आईबापापैकी एकजण सेटल्ड झाला त्या दिवसापासून ते मूल सरळ रजिस्ट्रेशनला पात्र होतं, आयएलआरची पायरी लागतच नाही. भारतात जन्मून लहानपणी आलेल्या मुलाला ही वाट नाही, इथं जन्मलेल्यालाच. त्यामुळं तिचे १,२१४ गेले पण २,८८५ वाचले. ओळख देणारे दोन रेफरी, शाळेचं पत्र, बायोमेट्रिकला तिचे चिमुकले फोटो, आणि मग काही महिने वाट. दहा वर्षांच्या वरच्या मुलांचं चारित्र्यसुद्धा बघतात, आमची चार वर्षांची होती त्यामुळं तिच्या चारित्र्याचा प्रश्न आला नाही, नाहीतर पाळणाघरातल्या चावण्याच्या प्रकरणाची चौकशी झाली असती.

फीबद्दल माझं मत सांगते. २०२१-२२ मध्ये हे प्रकरण इथल्या कोर्टात गाजलं, तेव्हा फी १,०१२ पौंड होती आणि होम ऑफिसच्याच (इथलं गृहखातं) आकड्यानुसार एका अर्जावर त्यांचा खर्च येत होता ३७२. कोर्ट ऑफ अपीलनं सांगितलं की मुलांच्या हिताचा नीट विचार केलेला नाही, पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं फी बेकायदेशीर ठरवली नाही, म्हणाले संसदेनं दिलेल्या अधिकारातच आहे ती. ज्यांना परवडतच नाही त्यांना फी माफी त्याच वर्षी सुरू झाली, ती एक बरी गोष्ट. पण ज्या पोरीला कायदा म्हणतो की तुझा हक्क आहे, त्या हक्कासाठी खर्चाच्या जवळपास तिपटीनं पैसे घ्यायचे हे मला अजून पटत नाही.

आता भारतातली बाजू, कारण खरी रडारड तिथं झाली. सासरे साताऱ्याला असतात, थोडी शेती आहे. त्यांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हणजे आपल्या घरातलं पोर परदेशी?" मी म्हणलं, बाबा, आम्ही काही केलं नाही, कायद्यानंच केलं. ते म्हणाले, मग भारतीय पासपोर्ट काढ त्याचा. प्रश्न सोपा वाटतो पण नाही. भारताच्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, आणि परदेशात जन्मलेल्या मुलाची हाय कमिशनमध्ये नोंद करताना आईबापांना लिहून द्यावं लागतं की याच्याकडं दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. समजा ब्रिटिश पासपोर्ट काढलाच नाही आणि ते लिहून दिलं, भारतीय पासपोर्ट काढला, तरी त्या पासपोर्टवर युकेत परत येणार कसं? ब्रिटिश माणसाला ब्रिटनचा व्हिसा देत नाहीत, त्याला लागतच नाही ना. मग इथं राहण्याचा हक्क आहे असा वेगळा दाखला काढून घ्यायचा आणि त्याची फी पासपोर्टच्या कितीतरी पट. वर मोठा झाल्यावर अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत ब्रिटिश नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय जाणारच. हे सगळं ऐकून सासरे म्हणाले, राहू दे. मग मूळ काळजी बाहेर आली, सातबाऱ्यावर नातवाचं नाव लागेल का? तर ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड, भारतात व्हिसाशिवाय येता-राहता येतं, पण ते नागरिकत्व नाही) असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं येऊ शकते. हे ऐकल्यावर त्यांचा आवाज जरा मोकळा झाला, आणि बाळ जेवतं का असं विचारलं.

धाकट्याला पहिल्यांदा भारतात नेलं ते भारताच्या ई-व्हिसावर, कारण ओसीआय यायला वेळ होता. मुंबईला उतरलो तर तिघांचे निळे भारतीय पासपोर्ट आणि कडेवरच्याचा ब्रिटिश. काउंटरवरचे साहेब एकदा पासपोर्टकडं, एकदा त्याच्याकडं बघतात, हा काजळाची तीट लावलेला, म्हणाले, "हे गोरे साहेब तुमचेच का?" परत येताना हीथ्रोला मात्र तोच आमच्यात सगळ्यात कमी प्रश्न विचारलेला माणूस.

ओसीआयच्या अर्जावर सही करता येत नाही म्हणून अंगठा घेतात. शाई लावून बाळाचा अंगठा चौकटीत उमटवणं हे फोटोपेक्षा अवघड निघालं, मूठ उघडतच नाही, आणि उघडली की शाई तोंडात. त्याला कधी भारतीय पासपोर्ट नव्हताच म्हणून सरेंडर सर्टिफिकेटची, म्हणजे भारतीय पासपोर्ट परत केल्याच्या दाखल्याची, भानगड नव्हती, सरळ ओसीआय. थोरलीचं तसं नाही, तिचं ब्रिटिश रजिस्ट्रेशन झाल्यावर तिचा भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर घ्यायला लागलं आणि मगच ओसीआय.

ज्यांचं बाळ आता येणार आहे त्यांनी एवढं करा. आयएलआरचा निर्णयाचा ईमेल आणि पत्र जपून ठेवा, छापून पण आणि स्कॅन करून पण. नवऱ्याच्या बीआरपी कार्डावर (इथं राहायच्या परवान्याचं कार्ड) आयएलआर कायमचा असूनही मुदत ३१ डिसेंबर २०२४ छापलेली होती, कारण कार्डंच बंद करून सगळं युकेच्या ऑनलाईन ई-व्हिसावर नेलं. ते जुनं कार्ड मुदत संपली म्हणून फेकू नका. बाळ जन्मलं तेव्हा तुम्ही सेटल्ड होता हे उद्या कुणीही विचारू शकतं, पोराचा पासपोर्ट हरवला तर, किंवा त्याला त्याच्या पोराचा काढायचा असेल तर, आणि तेव्हा ती तारीख तुम्हालाच दाखवावी लागणार. आम्ही कार्ड, पत्र, दोन्ही जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेत, खालच्या कप्प्यात ठेवायची सोय नाही, धाकटा आता चालायला लागलाय.